डावी कड

तिसऱ्या नंबरच्या स्टुडिओत फ्रेमवाल्याने भिंतीवरचं चित्र दोन्ही हातांनी धरून केसभर सरळ केलं, तशी मागून बायको दबक्या आवाजात म्हणाली,

"अहो, हात आवरा. आपण पाहुणे आहोत इथे."

"वाकडं होतं."

"बरं, चित्र कशाचं होतं ते सांगा बघू."

त्याने मान वर करून पाहिलं. समुद्र होता. या किनाऱ्यावर दहातल्या नऊ चित्रांत समुद्रच असायचा, तेव्हा न पाहताही सांगता आलं असतं. त्याला दिसली होती ती खालच्या कोपऱ्यातली फट. पट्ट्यांचे कोन जुळले नव्हते आणि कुणीतरी भुसा नि सरस भरून वेळ मारून नेली होती.

"तुम्हाला चित्र दिसतच नाही," बायको म्हणाली. "नुसती चौकट दिसते."

तिने पत्रकावरच्या तिसऱ्या नंबरवर पेन्सिलीने खूण केली. वर्षातून एकदा किनाऱ्याच्या रस्त्यावरचे सगळे स्टुडिओ दिवसभर लोकांसाठी उघडे असत. एकूण चौदा ठिकाणं, त्यातली एक गॅलरी. गेली कित्येक वर्षं ती म्हणत होती, एकदा जाऊ या, आणि दर वर्षी त्याच्याकडे काहीतरी अर्जंट काम निघत होतं. यंदा तो आपणहून चल म्हणाला. तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग पेन्सिलीला टोक काढलं.

आता ती एकही नंबर सोडायला तयार नव्हती. चौथ्या ठिकाणी कुंभारकाम होतं, तिथे तिने चाकावर बसून एक वाटी बिघडवली. पाचव्या ठिकाणी एका गृहस्थाने गॅरेजमध्ये गंजक्या नांगरांचे पक्षी केले होते. त्यांच्याशी ती अर्धा तास बोलली. फ्रेमवाला दाराशी उभा राहून घड्याळ बघत होता. मधेच तो बाहेर जाऊन गाडीशी थांबायचा, पुन्हा आत यायचा. खांद्यावरची पिशवी त्याने सकाळपासून एकदाही खाली ठेवली नव्हती.

"घाई आहे का कुठे?"

"छे. कसली घाई?"

"मग असे घोड्यावर बसल्यासारखे काय करताय? आणि ती पिशवी ठेवा की गाडीत. काय आहे तिच्यात?"

"कागद."

त्याला अकराव्या नंबरवर जायचं होतं. तिथे लवकर पोचावं असंही वाटत होतं आणि तिथे जाण्याआधी संध्याकाळ होऊन दारं बंद व्हावीत असंही वाटत होतं. सहाव्या ठिकाणी त्याने तीन फ्रेमा सरळ केल्या आणि एक, जी सरळच होती, ती वाकडी करून ठेवली.

आठवा नंबर गॅलरीचा. टेकडीवरची लांबट पांढरी खोली, समुद्राच्या बाजूला पूर्ण काच. तरीही लोक काचेकडे पाठ करून समोरच्या भिंतीवरच्या एका चित्राकडे बघत होते. राखाडी पाणी, उजवीकडे खडकांचं टोक आणि तिथून डावीकडे काहीच नाही. नुसतं पाणी कडेपर्यंत जात होतं. गॅलरीतली मुलगी पाचसहा जणांना समजावून सांगत होती.

"अकराव्या स्टुडिओतल्या बाईंचं हे पहिलं मोठं चित्र. बावीस वर्षांपूर्वीचं. ही डावीकडची मोकळी जागा इथून सुरू झाली. पुढच्या सगळ्या चित्रांत ती आहे. कुठे थांबायचं हे बाईंना कळतं, असं म्हणतात ते यामुळेच." मग तिची नजर फ्रेमवाल्याकडे गेली. "अरे, काका! आणि ही फ्रेम या काकांनी केलेली आहे बरं का."

लोकांनी वळून कौतुकाने पाहिलं. बायको फुलून आली. फ्रेमवाल्याने कपाळावरचा घाम पुसला.

"काका, मी फोनवर म्हटलं होतं ना, पुढच्या आठवड्यात हे संग्रहालयात चाललंय. ते लोक तुमची फ्रेम उघडून त्यांची काच बसवणार. तुम्हाला वाईट तर नाही ना वाटलं?"

"नाही, नाही. उघडू देत," तो म्हणाला आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने तिथून सटकला.

वाईट नव्हतं वाटलं. धास्ती होती, ती त्या फोनपासूनची. त्या चित्रात मुळात होडी होती. डाव्या कडेला, लहानशी, पाठमोरा माणूस बसलेली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याने फ्रेमची पट्टी दोन बोटं आखूड कापली. त्या नमुन्याची दुसरी पट्टी दुकानात नव्हती, गावातही नव्हती. मग त्याने दार आतून लावून घेतलं, कागदावर स्टीलची पट्टी ठेवली आणि फ्रेमला बसेल एवढा कागद केला. होडी टेबलावर राहिली. दुकानात गर्दी होती, डोकं दुखत होतं, उजेड कमी होता, अशी कारणं त्याने बावीस वर्षं जमवली होती आणि त्यातलं एकही त्याला स्वतःला पटत नव्हतं.

बाई काही बोलल्या नाहीत. त्याने जीव मुठीत धरून वाट पाहिली. आठवडा गेला, महिना गेला, आणि मग त्या नवीन चित्र घेऊन दुकानात आल्या. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक चित्र त्याच्याकडेच येई, आणि त्यांच्यामुळे किनाऱ्यावरचे बाकीचे चित्रकारही आले. त्याचं दुकान उभं राहिलं ते बाईंच्या शब्दावर. आणि त्या दिवसानंतर त्याने कुणाच्याही कागदाला कटर लावला नाही. बाईंच्या चित्रावर तर माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड कागदाची, कडसुद्धा येऊ देत नसे. फ्रेम मोठी करी, पदरची पट्टी घाली, पण कागद जसाच्या तसा. आता ते संग्रहालयवाले फ्रेम उघडणार, कापलेली कड बघणार आणि बाईंना फोन करणार. त्याआधी आपल्या तोंडाने सांगायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

नऊ आणि दहा नंबर त्याने कसे पाहिले हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाईंचा स्टुडिओ म्हणजे पत्र्याची जुनी गोदाम-खोली, खाली खडक. मोठं टेबल, पाण्याची भांडी, खिडकीत वाळत घातलेले ब्रश. गर्दी ओसरली होती. बाई खुर्चीत पाय वर घेऊन बिस्किट खात बसल्या होत्या. सत्तरी उलटली होती, पण आवाज खणखणीत.

"या, फ्रेमवाले! शेवटी पाय लागले. आणि यांना का लपवून ठेवलं होतंत इतकी वर्षं?"

बायको हसली आणि लगेच भिंतीवरची चित्रं बघायला गेली. फ्रेमवाल्याने टेबलाची कड धरली. मग पिशवीतून दोरीने बांधलेले हार्डबोर्डचे दोन तुकडे काढले. गाठ सुटेना. बाईंनीच ती नखाने सोडवली आणि वरचा बोर्ड उचलला.

आत दोन बोटं रुंद कागद होता. राखाडी पाणी, होडी, पाठमोरा माणूस.

"माझ्या हातून झालं," तो म्हणाला. "पट्टी आखूड कापली गेली होती, मग मी... टाकवलं मात्र नाही."

भिंतीकडची पेन्सिल थांबली. बायकोने वळून पाहिलं.

बाईंनी चष्मा लावला. पट्टी खिडकीकडे धरून बराच वेळ बघितली.

"याची मान किती जाड काढलीय मी," त्या म्हणाल्या. "बैलासारखी."

"बाई, मी..."

"मला माहीत होतं हो. प्रदर्शनाच्या दारातूनच कळलं. माझं चित्र मला कळणार नाही? असा संताप आला! तुमच्या दुकानाकडेच निघाले होते, तुम्हाला चांगली झाडायला. तेवढ्यात दोघं-तिघं चित्रासमोर येऊन थांबले, आणि म्हणाले, बाईंनी काय मोकळं सोडलंय! धाडस लागतं." बाईंनी पट्टी खाली ठेवली. "आणि मी मान डोलावली. बोलायची वेळ तेव्हाच होती, ती गेली. कौतुक तुमच्या कटरचं आणि मान डोलावणारी मी. मग तुमच्याकडे कुठल्या तोंडाने येऊन भांडणार?"

फ्रेमवाल्याला बसावंसं वाटलं, पण स्टूल कुठे आहे ते दिसेना.

"पण मग मी काय केलं माहितीय?" बाई म्हणाल्या. "त्यानंतर दर चित्रात डावीकडे दोन बोटं जास्त ठेवत गेले."

"का?"

"तुमच्यासाठी. कापायला. म्हटलं, मला नाही कळत कुठे थांबायचं, या माणसाला कळतं. आणि तुम्ही एकदाही कापलं नाहीत. दर वेळी चित्र जसंच्या तसं परत. घरी आणून फ्रेम भिंतीला लावायची आणि बघत बसायचं. मला वाटायचं, हेही त्यांच्या मनात भरलं नाही. पहिल्यासारखं एकही नाही जमलं."

त्याने भिंतीकडे पाहिलं. अकरा चित्रं होती, सगळ्या फ्रेमा त्याच्या हातच्या, सगळ्यांचे कोन जुळलेले. त्यांच्या आत काय आहे ते तो आज पहिल्यांदा बघत होता. प्रत्येकात डावीकडे एक पाण्याचा पट्टा उगाच उभा होता, बोलावलेला पाहुणा येईल म्हणून मांडून ठेवलेल्या खुर्चीसारखा. त्यावर लोकांनी लेख लिहिले होते. त्याला हसूही येईना आणि रडूही येईना.

"ते फ्रेम उघडणार आहेत," तो कसाबसा म्हणाला.

"उघडू देत. मी सांगेन त्यांना. या वयात मला कोण काय करतंय?" बाई उठल्या. टेबलावरचा नव्या चित्राचा ताव त्यांनी त्याच्यापुढे सरकवला, त्यावर कटर ठेवला आणि शेजारी स्टीलची पट्टी. "परवा पुरं केलं. कापा."

"बाई, नको."

"बावीस वर्षं वाट बघायला लावलीत. कापा म्हणते ना."

बायको येऊन त्याच्या कोपराशी उभी राहिली. त्याने पट्टी डाव्या कडेपासून दोन बोटांवर ठेवली. उजवीकडचे खडक पाहिले, तिथून नजर पाण्यावरून डावीकडे आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. मग पट्टी मागे सरकवली, एका बोटावर. अंगठा दाबून धरला आणि एका दमात कटर ओढला. कागदाची बारीक चीर टेबलावर गुंडाळली गेली.

बाई वाकून चित्र बघत राहिल्या. बघत असतानाच त्यांनी हात हलवून दोघांना निरोप दिला.

गाडी वरच्या रस्त्याला लागली.

"कुठे ठेवली होती ती होडी?" बायकोने विचारलं.

"वरच्या खणात. काचांच्या मागे."

"म्हणून मला त्या खणाला हात लावू देत नव्हतात! मला वाटायचं, कुणा बाईची पत्रं आहेत." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी पण इतकी वर्षं विचारलं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने पत्रक मांडीवर उघडलं आणि अकरावर खूण केली.

"बारावा डाव्या हाताला आहे. लाकडावरचं कोरीव काम."

बारावा नंबर आला आणि मागे गेला. बायकोने पत्रक मिटून ठेवलं. तेराव्याची पाटी दिसली तेव्हा त्याने गाडीचा वेग कमी केला. स्टिअरिंगवर त्याची बोटं हलत होती, दोन, मग एक, मग दीड.

"अगं," तो म्हणाला, "अजून अर्धं बोट जायला हवं होतं."

बायकोने पेन्सिल कानामागे खोचली.

"तिथे रस्ता रुंद आहे," ती म्हणाली. "वळवा गाडी."