वीस हजार सातशे छत्तीस

बाबांनी कागदाची गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली. टेबल संपलं तरी कागद संपेना. उरलेला त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून खाली सोडला.

"ये, बघ. आधी हात पूस."

लेक हात पुसून आली. कागदाच्या माथ्यावर एकशे चौपन्न आकडी संख्या होती. तिनेच ती बाबांना दिली होती. चाळीस वर्षं गणित शिकवलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर घरातल्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागला, तेव्हा ती म्हणाली होती, "हिचे भाजक काढा. जन्म जाईल."

ती संख्या गुपित नव्हती. लेक जिथे नोकरी करत होती, त्या धरणाच्या खात्याने ती उघड छापलेली होती. दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार. गुणायला क्षण पुरतो, पण गुणाकारावरून त्या दोघी हुडकायच्या म्हणजे समुद्रात टाकलेलं मीठ परत वेचायचं. त्या दोघी ज्याला ठाऊक, त्यालाच धरणाकडे धाडलेल्या हुकमावर खरा शिक्का उठवता येई. ठाऊक होत्या फक्त तिला. धरणाखाली तीन हजार घरं होती.

"तीन, सात, अकरा, सगळ्यांनी भागून पाहिलं. बाई दाद देईना," बाबा म्हणाले. "मग म्हटलं, वर्गमूळ काढू. जोड्या पाडल्या, सत्त्याहत्तर भरल्या. नऊ दिवस गेले. तुझी आई म्हणाली, डोंगर पोखरून उंदीर निघणार."

"मग, निघाला?" तिला हसू आलं.

"निघाला की! पूर्ण वर्ग व्हायला किती कमी पडले? वीस हजार सातशे छत्तीस. एवढ्या अगडबंब संख्येला एवढंसं! आणि वीस हजार सातशे छत्तीस म्हणजे?"

तिची नजर कागदावरून खाली सरकू लागली. शाळेत असताना सगळ्यात आधी तिचा हात वर जायचा.

"एकशे चव्वेचाळीसचा वर्ग, वेडे! वर्गातून वर्ग वजा. मोठ्या वर्गाचं मूळ घे. त्यात एकशे चव्वेचाळीस मिळव, ही एक. वजा कर, ही दुसरी. ताळा करून पाहिला, चोख आहे."

खाली लाल शाईत दोन ओळी होत्या. पहिल्या सहा आकड्यांवरूनच तिने त्या ओळखल्या.

"दोघी अगदी शेजारणी. कुणा आळशाने एक शोधली आणि पुढे भेटली तीच दुसरी म्हणून उचलली. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता."

ती खुर्चीत बसली. दोन वर्षांपूर्वी शिक्क्यासाठी या दोघी निवडताना तिला घरी लवकर यायचं होतं. पहिली संख्या मिळाली होती. दुसरीसाठी नव्याने शोध लावायचा कंटाळा केला आणि पुढची घेतली. आधी तिला बाबांसमोर लाज वाटली. भीती त्यामागून आली.

"हे कुणाला दाखवलंत?"

"तुलाच पहिल्यांदा." त्यांचा चेहरा उतरला. "का गं, चुकलं काही?"

"नाही बाबा. एकही चूक नाही."

"मला म्हाताऱ्याला नऊ दिवस लागले. मशीन असतं तर चहा गार व्हायच्या आत झालं असतं."

तिने धरणावर फोन लावला. दरवाजांच्या खोलीत वीस वर्षं काढलेल्या तात्यांनी उचलला.

"तात्या, नीट ऐका. माझ्या नावाचा कुठलाही हुकूम आला तरी मानायचा नाही. मी स्वतः तिथे येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

"शिक्का बरोबर असला तरी?"

"असला तरी."

पलीकडे खुर्ची करकरली.

"अहो ताई, मग सकाळी तुमच्या नावाचा आला तो? वस्तीला सावध करायचा भोंगा बंद करून ठेवा म्हणून? शिक्का दोनदा तपासला आणि मगच बंद केला मी."