घरी पाहुणे येणार आहेत

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी बद्रीने तळघराची कडी काढली, तेव्हा आत तिचा भाऊ नव्हता.

घोंगडी घडी करून ठेवलेली होती. तिच्यावर त्याचा चांगला कोट, तोही नीट घडी केलेला. अंगणाच्या पातळीवर उघडणारी आडवी खिडकी सताड उघडी होती. चहाचा पेला रिकामा करून, धुऊन पालथा घातला होता.

बद्रीने भावजयीला फोन लावला. "वहिनी, दादा नाही."

"नाही म्हणजे?" तूरानने विचारलं. ती तेव्हा ताटात सफरचंदं रचत होती.

"तळघरात नाही. खिडकीतून गेलाय."

"कडी लावली होतीस ना?"

"कडीचं काय घेऊन बसलीस! माणूस गेलाय."

तूरानने घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे साडेपाचला यायचे होते. दोरूद गाव केवढं, आणि थंडी अशी, की कोटाविना माणूस फार लांब जाणार नाही, असा हिशेब तिने मनाशी केला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, तुझ्याकडे परतले तर बसवून ठेव. इकडे आमच्या दाराशी तेवढं येऊ देऊ नकोस."

आणि तिने फोन ठेवला.

बद्रीचा भाऊ नुसरतुल्ला वीस वर्षांचा असताना इराण-इराक युद्धात दक्षिणेच्या आघाडीवर गेला होता. तोफेचा गोळा त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर फुटला. अंगावर ओरखडाही नव्हता, पण स्फोटाची लाट लागली. आघाडीमागच्या दवाखान्यात बारा दिवस काढून तो पुन्हा पुढे गेला. युद्ध संपलं, लग्न झालं, रेल्वेच्या यार्डात नोकरी लागली. मालगाडीचे डबे जोडताना धडाड आवाज झाला की तो रुळांमध्ये पालथा पडून दोन्ही हातांनी डोकं झाके. तीन वर्षांत नोकरी गेली. गल्लीतली पोरं त्याला 'लाट्या' म्हणू लागली. झटका आला की तो ओरडे, मेलेल्या सोबत्यांना नावानिशी हाका मारी, कधी भिंतीवर डोकं आपटे. झटका ओसरला की दिवसभर माफी मागत फिरे.

तूरानने तेव्हापासून एकच काम जीव तोडून केलं. लपवण्याचं. तो ओरडू लागला की ती टीव्हीचा आवाज मोठा करी. त्याची औषधं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून, डोकेदुखीची म्हणून आणी. कारण मुलगी मागायला येणारी माणसं आधी गल्लीत चौकशी करतात. नानच्या भट्टीवर, किराणा दुकानात, मशिदीच्या झाडूवाल्याकडे. त्यांच्या मुलीची, परस्तूची, दोन स्थळं अशा चौकशीनंतर न सांगताच परतली होती.

बद्री दरवर्षी म्हणायची, "वहिनी, त्याला माजी सैनिकांच्या वैद्यकीय मंडळापुढे ने. अपंगत्वाची टक्केवारी ठरेल, कार्ड मिळेल, नीट इलाज होईल."

"आणि कार्डावर काय लिहितील? वेडा, चाळीस टक्के? मग पोरीचं लोणचं घालून ठेवू का?"

परस्तू चौदा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तूरानने दवाखान्यातल्या बारा दिवसांचा कागद शेगडीत घातला. तिच्या मते तिने आईचं कर्तव्य केलं.

आता परस्तू सव्वीसची होती. सियामक नावाचा मोजणी खात्यातला मुलगा तिला पाहायला यायचा होता. त्या सकाळी नुसरतने स्वतःहून दाढी केली. गाल दोन ठिकाणी कापला, त्यावर त्याने वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला. कोट काढला, झटकला, घातला. मुलीच्या बापाची संमती सगळ्यांसमोर विचारतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने बायकोला विचारलं, "मी कुठे बसू?"

"बद्रीकडे," तूरान म्हणाली.

कुणी काही करायला सांगितलं की तो 'जी' म्हणत असे, तेवढंच म्हणाला.

पाहुणे बरोबर साडेपाचला आले. सियामक, आणि त्याची आई इफ्फत खानम, साठीची, पाठ सरळ ठेवून बसणारी बाई. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. रस्त्याच्या खड्ड्यांवर सगळ्यांचं एकमत झालं. परस्तूने चहा आणून पाहुण्यांसमोर ठेवला.

"आगा नुसरतुल्ला दिसत नाहीत," इफ्फत खानम म्हणाली.

"मशहदला गेलेत. यात्रेला. अचानकच बोलावणं आलं इमामाचं," तूरानने ठेवणीतलं हसू आणलं.

"नशीबवान. कधी गेले?"

"मंगळवारी."

"रेल्वेने की बसने?"

"बसने."

"आई, पुरे ना," सियामक खाली पाहत म्हणाला.

"पुरे कसं? सोयरीक करायला आलोय." इफ्फतने पेला बशीवर ठेवला. "तूरान खानम, रागावू नका. आज सकाळी मी तुमच्या कोपऱ्यावरच्या भट्टीवर उभी होते. चौकशीला, आपल्यात करतात तशी. माझ्यापुढे एक गृहस्थ होते. अंगात कोट, गालावर कागदाचा कपटा. भट्टीवाला त्यांना नावाने हाक मारत होता. दोन नान घेतले आणि माझ्याकडे, अनोळखी बाईकडे वळून म्हणाले, 'आज घरी पाहुणे येणार आहेत.' इतका आनंद मी फार दिवसांत कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता."



"माझा भाऊ जलील," इफ्फत पुढे बोलली, "तोही अकरा वर्षं मशहदला होता. आमच्या माडीवर! त्यालाही तुमच्या यजमानांसारखी लाट लागली होती; त्यांचं मला भट्टीवरच कळलं. मला तीन धाकट्या बहिणी. आई म्हणायची, आधी एकेक उजवू, मग त्याचं बघू. एकेक उजवली. त्याचं बघायची पाळी आलीच नाही. एका सकाळी तो उठला नाही. माणूस मशहदला, आणि प्रेत जिन्यावरून खाली! गल्लीला काय सांगणार? पहाटे, कुणी उठायच्या आत पुरला त्याला. ज्याने बंदूक घेऊन सगळ्यांची दारं राखली, त्याला आम्ही चोरासारखा बाहेर काढला."

"खानम, आमची गोष्ट वेगळी..." तूरान कशीबशी म्हणाली.

"प्रत्येकाची वेगळीच असते. माडी वेगळी, कडी वेगळी."

परस्तू उठून उभी राहिली. "बाबा आत्याच्या तळघरात आहेत. मी घेऊन येते."

"तिथे नाहीत ते," तूरान म्हणाली.

"नाहीत?"

"खिडकीतून गेले. पाच वाजता बद्रीचा फोन आला होता."

परस्तूने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच मिनिटं होती. "पाच वाजता! आणि तू इथे फळं मांडत होतीस?"

तूरानने खुंटीवरची, बाहेर पडताना पांघरायची चादर ओढून अंगावर घेतली, आणि पाहुण्यांना तसंच सोडून ती रस्त्यावर आली.

भट्टीसमोर संध्याकाळची रांग होती. ज्या लोकांपासून तिने सगळं झाकलं, नेमके तेच लोक. ती रांगेच्या तोंडाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "माझा नवरा हरवलाय. त्यांना युद्धात लाट लागली होती. झटके येतात. कुणी पाहिलंय का?"

भट्टीवाल्याने लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं. "खानम, लाट लागलीय हे कुणाला ठाऊक नाही? आपल्या भिंती केवढ्याशा!"

"मग इतक्या वर्षांत एका शब्दाने कुणी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही म्हणालात टीव्ही आहे. आम्हीही म्हणालो, टीव्ही आहे."

रांगेतल्या एका बाईने तोंड फिरवलं. मशिदीचा झाडूवाला, म्हातारा रजबअली, पुढे आला. "मी पाहिला. पावणेपाचला. नुसत्या सदऱ्यावर स्टेशनकडे चालला होता. म्हटलं, कोट कुठाय, निघालास कुठे? तर म्हणाला, 'रजा संपली, चाचा.'"

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"मला वाटलं, चेष्टा करतोय," रजबअली म्हणाला. मग स्वतःच, "नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आपल्याला काय करायचंय."

स्टेशनवर तिकिटबाबूने सांगितलं, असा माणूस अंदिमेश्कला गेला. दक्षिणेकडची गाडी पाच पंचावन्नला सुटली. म्हणजे बद्रीचा फोन आला तेव्हा पंचेचाळीस मिनिटं शिल्लक होती. स्टेशन घरापासून बारा मिनिटांच्या वाटेवर आहे.

याच गाडीने नुसरत विसाव्या वर्षी आघाडीवर गेला होता; तिकडे जाणारे सैनिक तेव्हा अंदिमेश्कलाच उतरत.

शुक्रवारी सकाळी अंदिमेश्कच्या रेल्वे पोलिसांचा फोन आला. एक गृहस्थ फलाटावर बसलेत, त्रास काही देत नाहीत, पण उत्तरेकडच्या गाडीत चढायला तयार नाहीत. सियामकने गाडी काढली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे इफ्फत, मागे मायलेकी. साडेतीन तासांत फार तर चार वाक्यं बोलली गेली असतील.

नुसरत बाकावर बसला होता. कुणीतरी त्याच्या खांद्यांवर रेल्वेचं घोंगडं टाकलं होतं. तूरान शेजारी जाऊन बसली.

"तू इथे कशाला आलीस?" तो म्हणाला. "घरी पाहुणे असतील."

"त्यांना सगळं सांगितलं."

"मग गेले असतील."

"नाही गेले. त्यांच्याच गाडीतून आलो आम्ही. बाहेर उभी आहे."

"खोटं बोलतेस." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तीस वर्षं बोलतेस. मला ऐकू येतं, तूरान. टीव्ही मोठा असला तरी ऐकू येतं."

"अहो, चुकलं माझं. घरी चला."

"घरी नाही. माझ्यामुळे पोरीचं अडतं. इथे बरं आहे. इथे माझ्यासारखे पुष्कळ येऊन गेलेत, कुणी हसत नाही."

मग परस्तू त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने त्याचे दोन्ही हात धरले. "बाबा, माझ्या लग्नाला तुम्ही नसणार असाल, तर ते लग्नच नको मला. पण तुम्ही आजारी आहात. आजाऱ्याने इलाज घ्यायचा असतो. फलाटावर राहायचं नसतं."

तो म्हणाला, "दवाखान्यात येतो. घरी नाही."

तिथल्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. नुसरत आघाडीवर गेला तेव्हा तो जन्मलाही नसेल. त्याने तपासलं, भरती करून घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हा इलाज तीस वर्षांपूर्वी सुरू व्हायला हवा होता. अजूनही उपयोग होईल. झोप लागेल, झटके कमी होतील. पण वर्षभर तरी नेमाने चालायला हवा. मी कार्डाशिवाय दहाच दिवस ठेवू शकतो. त्या वेळचा काही कागद?"

"होता," तूरान म्हणाली. "मी जाळला."

डॉक्टरने लेखणी थांबवली. या उत्तरासाठी त्याच्या फॉर्मात रकाना नव्हता. "मग त्यांच्या तुकडीतले दोन साक्षीदार आणा. गोळा फुटला तेव्हा जवळ असलेले. मंडळाची बैठक पुढच्या शनिवारी आहे."

नुसरतने त्या दिवशी जवळ असलेल्या सहा जणांची नावं सांगितली, बापाच्या नावासकट. चौघे त्याच आठवड्यात मारले गेले होते. पाचवा, खुर्रमाबादचा शाळामास्तर, फोनवर रडला आणि उद्याच येतो म्हणाला. सहावा केरमानशाहचा, यदुल्ला.

वाचकहो, आपल्याही गल्लीत असा एखादा असेल. त्याला पाठवताना आपण हार घातले, आणि परतल्यावर त्याच्या ओरडण्याला काहीतरी दुसरं नाव दिलं. घराने त्याला लपवलं, त्याला माया म्हटलं. शेजाऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्याला सभ्यपणा म्हटलं. कचेरीने कागद मागितला, त्याला नियम म्हटलं. या तिघांनी मिळून जे केलं ते शत्रूच्या तोफेला जमलं नव्हतं. मनाला झालेली जखम ही जखमच असते. ती कलंक नाही, पोरीबाळींच्या वाटेतला धोंडा नाही. ती उघड सांगावी, वेळेवर सांगावी, आणि सांगणाऱ्याच्या पाठीशी उभं राहावं. तूरानला हे कळलं. उशिरा कळलं, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली, ही तिची शिक्षा.

सोमवारी संध्याकाळी तिने यदुल्लाच्या घरी फोन लावला. एका बाईने उचलला. तूरानने नाव सांगितलं, गाव सांगितलं, नवऱ्याला लाट लागली होती हे स्वच्छ सांगितलं. साक्ष हवी आहे म्हणाली.

"आमच्या यांना तसलं काही झालेलं नाही," पलीकडची बाई घाईघाईने म्हणाली. "हे धडधाकट आहेत. बाहेरगावी असतात. पुन्हा फोन करू नका, घरात लग्नाची मुलगी आहे."

तिच्या मागे कुणीतरी पुरुष ओरडत होता, आणि त्याच्यावर रेडिओ चढत गेला. मग फोन बंद झाला.

तूरानने तीनदा पुन्हा लावला. उचलला नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता ती केरमानशाहच्या बसमध्ये बसली. तिच्याकडे यदुल्लाचा पत्ता आहे. मंडळाची बैठक शनिवारी दहा वाजता आहे.