नव्या चुलीचं दूध

आमचे हे घरात असले की खोली लहान पडायची. गिरणीतून काढल्यापासून तर फारच. संपात पुढे होते, नाव कुणीतरी दिलं, त्याला चौदा महिने झाले होते. सकाळी उठायचे, भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत या टोकाच्या नळापासून त्या टोकाच्या जिन्यापर्यंत चालायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मी देवापुढे माळ घेऊन बसले की त्यांच्या पावलांचा ठेका मण्यांत शिरायचा. कितवा मणी, तेच कळेनासं व्हायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

राजापूरहून मोठ्या दिरांचं पत्र आलं होतं. कलमं बघायला माणूस नाही, या निघून. ह्यांनी उत्तर लिहिलं, एक मेपर्यंत वाट बघतो, मुंबईत काही जमलं तर जमलं, नाहीतर दोघं येतो. पत्र पेटीत टाकून आल्यावर मला सांगितलं. आधी नाही.

मला गावाचं वावडं नव्हतं. भीती होती ती ह्यांची. वीस वर्षं साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस, रात्री गिरणीची घरघर थांबली तर दचकून उठणारा. आंब्याच्या बागेतल्या त्या शांततेत ह्यांचं काय झालं असतं, हे मला दिसत होतं. पण मी बोलले नाही. मी तशी बोलतच नाही फारशी. शेजारचे नाना म्हणायचे, "सीताराम, तुझी बायको घरात आहे की देवळात, हे विचारायलासुद्धा आधी घंटा वाजवावी लागते."

खाण्याच्या हातगाडीची कल्पना ॲम्ब्रोजची. हा प्रभादेवीला राहणारा ईस्ट इंडियन, मुंबईचा मूळचा ख्रिस्ती, पूर्वी ह्यांच्याच गिरणीच्या कँटीनमध्ये होता, मग नेपियन सी रोडला एका साहेबाकडे स्वयंपाकी म्हणून लागला. तो साहेब आता कायमचा विलायतेला निघाला होता आणि घर आवरताना त्यानं ॲम्ब्रोजला दोन वस्तू देऊन टाकल्या. एक गॅसची शेगडी आणि एक गॅसनं भरलेली लोखंडी बाटली.

"वैनी, लांब पाव असतो, त्याला मधे चीर द्यायची, आत सॉसेज, वर कांदा नि मोहरीची चटणी," ॲम्ब्रोज आमच्या उंबऱ्यावर बसून हातांनी पाव उघडून दाखवत होता. "साहेबाच्या घरी पार्टी असली की हेच. हॉट डॉग म्हणतात."

नाना गॅलरीत बसून ऐकत होते. "म्हणजे काय?"

"म्हणजे गरम कुत्रा, नाना."

"सीताराम, महाराष्ट्र मिळतोय रे आपल्याला! आणि पहिल्या दिवशी तू लोकांना कुत्रा खायला घालणार?"

हे हसले. चौदा महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मी चहा गाळता गाळता थांबले, आणि त्याच क्षणी मनात ठरलं, की गाडी व्हायलाच हवी. एक मेला शिवाजी पार्कात अख्खी मुंबई लोटणार होती. त्या दिवशी गाडी उभी राहिली तर राहिली.

पाटीवर 'सॉसेज पाव' लिहायचं ठरलं. सॉसेज ॲम्ब्रोजची बायको व्हायोला तिच्या घरी करणार, आमच्या लोकांना चालावं म्हणून मटणाचं. चटणी माझ्याकडे. मी माळकरी, मटणाला शिवत नाही, गुरुवारी कांदालसूणही नाही. व्हायोला म्हणाली, "बकुळाबाय, चव न बघता चटणी कशी करशील तू?"

"वासावर," मी म्हटलं.

हे खरं होतं. इतकी वर्षं उपासतापास केले की नाकाला धार येते. दर गुरुवारी चाळीत पहिला कांदा कुणाकडे चिरला गेला, हे मला तळमजल्यापर्यंतचं कळायचं.

मग गाडी सुरू झाली. जिन्याखालच्या बोळात. सायकलची दोन जुनी चाकं आली, गिरणीतल्या सुताच्या बॉबिन भरायच्या खोक्यांच्या फळ्या आल्या, रॉकेलचे डबे कापून सपाट केलेले पत्रे आले. हे दिवसभर ठोकत असायचे. ठोकत नसले तर गाडीभोवती फेऱ्या मारायचे. एक खिळा मारला की चार पावलं मागे, डोळे बारीक करून बघायचं, पुन्हा तो काढायचा. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. मी गॅलरीतून वाकून बघायचे. माझं चित्त पोथीत नव्हतं आणि ह्यांचं ताटात. सत्तावीस तारखेपर्यंत दांडा बसला नव्हता.

ह्यांना एकच धास्ती होती, वाऱ्याची. पार्कात समुद्राचा वारा. आमच्या घरचा स्टोव्ह दाराची झुळूक आली तरी फडफडतो. म्हणून ह्यांनी शेगडीच्या तीन बाजूंनी पत्रा उभा केला, खालच्या कप्प्यात बाटली ठेवली आणि तो कप्पाही चहूबाजूंनी बंद केला. एका बाजूला पत्रा कमी पडला तर मोर्च्यातला जुना कापडी फलक दुहेरी करून वरच्या कडेला पडद्यासारखा ठोकला. त्यावरची 'झालाच पाहिजे' एवढीच अक्षरं बाहेर राहिली. फटीफटीत काथ्या कोंबला. हात फिरवून म्हणाले, "बघ, आत वाऱ्याचा थेंब जायचा नाही."

ॲम्ब्रोजने शेगडी बसवून दिली. काडी आधी, चावी मग, हे ह्यांच्याकडून दहादा करवून घेतलं. निळी ज्योत बघायला अर्धी चाळ जमली. धूर नाही, पंप नाही. जाताना तो म्हणाला, "सीताराम, एक ध्यानात ठेव. हा गॅस दिसत नाही. सडक्या कांद्यासारखा वास आला की आधी बाटलीची चावी बंद. मग बाकीचं."

मी जिन्यात उभी राहून ऐकलं होतं.

माझी एकच अट होती. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जायला हवं. माझ्या आईने केलं, सासूने केलं. त्याआधी त्या गाडीवर मटण नाही आणि कांद्याची पातसुद्धा नाही. हे "बरं" म्हणाले. अठ्ठावीस तारखेला अक्षय तृतीया, वर गुरुवार. त्याहून चांगला दिवस कुठला?

त्या दिवशी ॲम्ब्रोजला सुट्टी मिळाली नाही. घर आवरायला शेवटचा आठवडा, साहेब सोडेना. तो संध्याकाळी येणार होता. पण मला दिवेलागणीच्या आत दूध व्हायला हवं होतं. सकाळपासून निर्जळी होते. अकरा वर्षं मी रोज सांजेला देवापुढे निरांजन लावते, तापात, सुतकात दुसऱ्याकडून, पण चुकलेलं नाही. त्या दिवशी मनाशी बोलले होते, आजचं निरांजन खाली न्यायचं, गाडीला ओवाळायचं.

उजेड होता अजून. ह्यांनी काडी ओढली, चावी फिरवली. मी पितळेच्या पातेलीत दूध ठेवलं, काठापर्यंत, कारण उतू जायलाच हवं होतं. नाना, शेजारपाजारच्या बायका, सगळे वाटोळे उभे. दूध चढलं. फुगलं. पूर्वेच्या बाजूनं सांडलं आणि खाली शेगडीभर पसरलं.

"पूर्वेला गेलं!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी हात जोडले. ह्यांनी डोळे पुसले, मला दिसलं ते. नाना म्हणाले, "चल रे सीताराम, आता तुझ्या कुत्र्याला मरण नाही."

मी तिथून सरळ वर गेले. तूप घातलं, वात भिजवली, निरांजन पेटवलं, ताटात हळदकुंकू, अक्षता, साखर. इतकी वर्षं जे मागितलं नाही ते त्या दिवशी देवाकडे मागितलं, हा माणूस इथंच राहू दे म्हणून. मग दोन्ही हातांनी ताट धरून जिना उतरायला लागले. ज्योत हलू नये म्हणून एक एक पायरी.

पहिल्या मजल्याच्या वळणावर मला कांद्याचा वास आला.

मला राग आला. खरं तेच लिहिते. इतकं सांगून, गुरुवारी, अक्षय तृतीयेला, ओवाळणं व्हायच्या आत ह्यांनी गाडीवर कांदा चिरला! दोन मिनिटांचा धीर नाही या माणसाला. मी आणखी चार पायऱ्या उतरले. आता गाडी दिसत होती. कुणाच्या हातात सुरी नव्हती. कुठे कांदाही नव्हता. बायका बाजूला सरून मला वाट देत होत्या. आणि वास चिरलेल्या कांद्याचा नव्हताच. पावसाळ्यात टोपलीच्या तळाशी राहून सडतो त्या कांद्याचा होता.

हे शेगडीवर वाकले होते. "अरे, विझली वाटतं ही. दुधानंच विझली," असं म्हणत खिशातून काडेपेटी काढत होते.

माझ्या दोन्ही हातांत ताट. ताटात ज्योत. मी ती फुंकली.

तोंडाने. निरांजन. आमच्यात दिवा विझवायचा झाला तर फुलाने शांत करतात, त्याची क्षमा मागतात, आणि 'विझव' हा शब्द तोंडात आणत नाहीत. मी फुंकर मारली आणि ओरडले, "काडी ओढू नका! चावी बंद करा! लांब व्हा सगळे!"

तो आवाज माझाच होता, पण मी तो ओळखला नाही. हे तसेच थिजले, काडी पेटीवर टेकलेली. मग हातातली काडेपेटी लांब गटाराकडे भिरकावली आणि फलक वर करून बाटलीची चावी फिरवली. फलक वर झाला तसा आतून त्या वासाचा लोट पायांवरून गेला. बायका पदर नाकाला लावून अंगणात पळाल्या. नानांच्या कानावर न पेटवलेली विडी होती, ती त्यांनी हळूच खिशात घातली.

थोड्या वेळानं ॲम्ब्रोज आला, बरोबर व्हायोला. शेगडीवरचं दूध, तिन्ही बाजूंचा पत्रा, काथ्या, सगळं बघून तो पायरीवर बसला आणि त्याने छातीवर क्रूस काढला. "ज्योत विझते, पण गॅस येतच राहतो रे. जड असतो, खाली बसतो. आणि तू खाली पेटीच करून ठेवलीस. एक काडी, सीताराम. एक काडी, आणि जिना राहिला नसता."

"तू सांगितलं नाहीस दूध ठेवू नका म्हणून," हे म्हणाले.

"मला काय ठाऊक तुम्ही मुद्दाम उतू घालणार?"

व्हायोला म्हणाली, "आमच्याकडे दूध उतू गेलं तर मार मिळतो."

अंधारायला लागलं होतं. नाना जाता जाता, वाईट हेतूनं नव्हे, पण बोलून गेले, "दूध उतू गेलं ते चांगलं झालं, पण मागनं दिवा फुंकला गेला. शकुन काही बरा नाही हो."

हे वर आले आणि ट्रंक काढून बसले. "देवालाच नकोय. उद्या दादाला तार करतो."

मी विझलेलं निरांजन देवापुढे ठेवलं होतं. ते पुन्हा लावायला हात होत नव्हता. अकरा वर्षं मोडली होती. शकुन नानांच्या आधी मला कळला होता, मी मानते शकुन. आणि तरी ट्रंकेच्या कड्यांचा तो आवाज मला सहन होईना.

"दिवा मी फुंकला," मी म्हटलं. "लागलं तर मला लागेल. तुमच्या गाडीला नाही."

हे ट्रंकेवरून मागे वळले.

"आणि तो फुंकला नसता तर तुम्ही तार करायला उरला नसतात. देवाला नको असतं तर त्यानं मला वास दिला नसता. सकाळी उठा नि तो पत्रा कापा. खालची बाजू उघडी ठेवा. काथ्या सगळा काढा."

"वारा लागेल."

"लागू दे. विझली तर पुन्हा पेटवू."

मी कधी ह्यांच्याशी असं बोलले नव्हते. मग वळून निरांजन लावलं. उशिराच लागलं. मनात म्हटलं, आज पहिला दिवस.

सकाळी सहालाच खालून पत्र्याचा करकराट आला. दोन दिवस तो थांबला नाही. ॲम्ब्रोजही साहेबाचं सामान गोदीत पोचवून आला, बाह्या सरसावून बसला.

एक मेच्या दुपारी गाडी शिवाजी पार्कच्या कठड्याला लागली. फेटे, झेंडे, लेझीम, कडेवरची पोरं, पार्कात माणूस मावत नव्हता. व्हायोलाने पातेलं उघडलं, मी चटणीची बरणी पुढे केली. ह्यांच्या हातात काडेपेटी होती. ती उघडायचे, बंद करायचे. समोर चारपाच माणसं येऊन उभीसुद्धा राहिली. कुणीतरी विचारलं, "ओ शेठ, पेटवताय ना?"

हे माझ्याकडे वळले. "बघ गं, बकुळे."

मी वाकले. फलक उचलायची गरज नव्हती, तो कापून पाटीमागे लावला होता, खाली सगळं उघडं. तरी नाक बाटलीपाशी नेलं. समुद्राचा खारा वारा, गुलाल, झेंडू, घाम, मोहरी. सडका कांदा नाही. पुन्हा एकदा बघितलं. जीव काही निवांत होत नव्हता, तो आजही होत नाही.

"ओढा काडी," मी म्हटलं.

घोषणा चालल्या होत्या, ह्यांना ऐकू गेलं नाही. काडी पेटीवर टेकवून हे तसेच उभे, माझ्या तोंडाकडे बघत.

"ओढा!" मी ओरडले. चारपाच माणसं दचकून मागे सरली.