तीस दाहे तीनशेच्या पुढे

अर्पितानं १०००१ ही संख्या निवडली, कारण ती कशानंच तुटत नव्हती. दोनापासून तिसापर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं, दर वेळी बाकी उरलीच. तिचे बाबा, खुशाल नावाचे, तहसील कचेरीतले कारकून. त्यांनी तर अख्ख्या गुडीहत्नूरला सांगून ठेवलं होतं, "पोरीनं अशी संख्या शोधली, कोणाच्या बापाच्यानं तुटत नाई." त्यांच्याकडे 'तीस दाहे तीनशे' म्हटलं की पाढे संपले. त्यापुढं जायचं कुणाला सुचतही नसे.

आदिलाबादच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला की हैदराबादच्या गणित शिबिरात जागा मिळणार होती. अर्पिताला ती जागा हवी म्हणजे हवीच होती.

परीक्षक मॅडम तेलुगू, बोलायच्या हिंदीतून. '१०००१ : मूळ संख्या' असं लिहिलेला तिचा तक्ता बघून खूश झाल्या आणि जाता जाता विचारलं, कुठपर्यंत भागून पाहिलंस?

"तीस तक."

शंभरापर्यंत बघायला हवं, मॅडम म्हणाल्या. दोन्ही तुकडे शंभराच्या वर गेले तर गुणाकार दहा हजार एकच्या पार पुढं जाईल. म्हणजे तुटलीच तर एक तुकडा शंभराच्या आत सापडणार. परत येते, असं सांगून त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

अर्पिताला स्वतःचाच राग आला. पोपटासारखं घोकलं आणि पोपटासारखीच थांबले! तिनं तिथंच फरशीवर फतकल मारली. एकतीस, सदतीस, एक्केचाळीस. कशानंच भाग जाईना, तसा तिचा जीव जरा भांड्यात पडला. एकाहत्तरनं भागल्यावर एकसष्ट उरले. त्र्याहत्तरनं भागलं आणि काहीच उरलं नाही.

त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. तिनं तीनदा ताळा केला.

"गप राय ना," तक्ता धरून उभी असलेली मैत्रीण चंचल कुजबुजली. "मॅडमनं तरी कुठं भागून पाह्यलं?"

"म्या पाह्यलं ना आता."

तिनं 'मूळ संख्या' या शब्दांवर जाड रेघ मारली आणि खाली दोन्ही तुकडे लिहिले. मॅडम परत आल्या. त्यांनी गुणाकार करून पाहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण नियम तो नियम. तक्त्यावरचा दावाच खोटा ठरला, नंबर मिळणार नव्हता. हैदराबाद गेलं. अर्पिता भिंतीकडे तोंड करून रडली, मग तक्ता गुंडाळून बसमध्ये बसली.

हायवेच्या थांब्यावर खुशाल उभे होते. "काय झालं, बाई?"

"तुटली, बाबा. म्याच तोडली."

त्यांनी तिच्या हातातला तक्ता घेऊन उलगडला. मग त्यांची नजर तक्त्याच्या मागच्या बाजूला गेली. ती आकड्यांनी भरली होती. "हे काय होय?"

"दहा हजार सात. बसमधी एकसष्टपर्यंत आली. अजून तुटली नाई."

खुशालनी थांब्याचं बाकडं रुमालानं झटकलं. "मंग बस इथं. शंभरापर्यंत जाऊनच घरी जाऊ."