चार तासांचा उपास

मोनालीची लेक पिवळी होती आणि घरादाराला त्याचं कौतुक होतं. हळदीची पोर म्हणून वडगाव रासाईतल्या अर्ध्या आळीनं तिला येऊन बघितलं, सोनी असं नावही पाडलं. बारसं झालं, महिना उलटला, तरी सोनी पिवळीच. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं. शी मात्र भिजवलेल्या चुन्यासारखी पांढरी. लंगोट मोनाली धुवायची, त्यामुळे ते तिला रोज दिसायचं.

"दुधावरचं लेकरू हाय, पांढरंच हगणार," असं आबा म्हणाले. आबा तिचे सासरे, आणि ते बोलले की विषय मिटायचा. त्यांनी काविळीची माळ आणून नातीच्या गळ्यात घातली. कावीळ उतरते तशी माळ लांबते म्हणे. माळ बेंबीपर्यंत आली, कावीळ होती तिथंच होती.

मग मोनालीनं कुणालाच विचारलं नाही. लंगोट पिशवीत घातला आणि शिरूरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांपुढं नेऊन ठेवला. त्यांनी तो बघितला, रक्त तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "ही साधी कावीळ नाही. पित्त आतड्यात उतरत नाहीये, असं दिसतंय. नळी बंद असेल तर ऑपरेशन लागेल, आणि तेही बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालेलं बरं. उशीर झाला तर लिव्हर जाईल. आधी सोनोग्राफी करा. चार तास बाळ उपाशी पाहिजे, तरच पित्ताची पिशवी नीट दिसते."

घरी रणकंदन माजलं. शेवटी आबा म्हणाले, "एकदा जा. एकदाच. तिथं काय निघालं न्हाई, तर परत दवाखान्याचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई." नवरा हनुमंत रांजणगावच्या कंपनीत मशिनीवर भल्याभल्यांना ऐकत नसे, पण बापापुढं त्याची दातखीळ बसायची. "आई सोबत यील," एवढंच तो बोलला. सुनेनं अशा वेळी मान डोलवायची असते. मोनालीनं डोलवली. मानेला काय लागतं डोलायला?

पुण्याच्या डॉक्टर अनुपमा आठवड्यातून एकदा दौंडला येऊन लहान मुलांची सोनोग्राफी करत. मोनाली आणि तिची सासू वच्छलाबाई भीमेचा पूल ओलांडून तिथं पोचल्या, तेव्हा सोनी भुकेनं किंचाळत होती. वच्छलाबाईचा जीव कासावीस झाला. तरणेपणी ती मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चाललेली बाई. आई मेलेली कोकरं तिनं कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवली होती. दुधावरच्या जिवाला उपाशी रडू द्यायचं नाही, हा तिचा धर्म, आणि तो तिनं कुठल्या डॉक्टरला विचारून धरलेला नव्हता.

मोनाली नंबर लावून परत आली तर पोर गप. हुंदके देत झोपलेली. मोनालीला हायसं वाटलं, आणि तिथंच तिचं चुकलं.

आत डॉक्टरबाईंनी सोनीच्या इवल्या पोटावर यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, मग मान वर केली. "हिला काही पाजलंय का?"

"न्हाई."

"पोटात दूध दिसतंय."

मोनालीनं वळून सासूकडं बघितलं. वच्छलाबाईचा हात पिशवीवर होता आणि पिशवीतून स्टीलच्या बोंडल्याची चोच बाहेर डोकावत होती.

"शेळीचं हाय," वच्छलाबाई म्हणाली. "घरून आणलं व्हतं. चार घोट दिलं आसंल. लई रडत व्हती गं."

"मग आज काही सांगता येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या."

"पुढला आठवडा न्हाई मला," मोनाली म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिनं तो उतरवला नाही. "मोकळ्या हातानं गेले, तर घरचं परत पाठवायचं न्हाईत. तुम्ही संध्याकाळपातुर हाय ना? मग आत्तापासनं ही उपाशी ऱ्हाईल. मी हितनं हलत न्हाई."

"आई हाईस का वैरीण?" वच्छलाबाई कडाडली. "तेवढ्याशा जिवाला परत उपाशी मारतीस?"

"व्हय, मारते. आत्या, तुमच्या मायेनं मरण्यापरीस बरं."

बोलून गेली आणि तिची तिलाच धडकी भरली. सासूपुढं असं तोंड तिनं जन्मात उघडलं नव्हतं. पण माघार घेतली नाही.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "आजी, चार तासांनी बाळाला धोका नाही, मी लक्ष ठेवते. दूध प्यायलं की पित्ताची पिशवी आकसते. म्हणून उपाशी बघायचं. उपाशी राहूनही ती भरली नाही, तर पित्त तिथवर पोचतच नाही, असा संशय घ्यायचा."

वच्छलाबाईनं स्वतःच्या बरगडीखाली बोट टेकवलं. "म्हंजी बकऱ्याच्या काळजाला हिरवी पिशवी असती, ती?"

"तीच."

जत्रेची बकरी घरात किती कापली असतील, याला गणती नव्हती. ती पिशवी फुटू न देता अलगद काढायचं काम वच्छलाबाईचंच. फुटली की सगळं मटण कडू. "उपाशी बांधल्यालं बकरं आसलं की टम्म भरल्याली असती," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हंजी हिची मीच रिकामी केली का काय?"

उत्तराला ती थांबली नाही. उठली आणि बोंडल्यातलं उरलेलं दूध बेसिनमध्ये ओतून आली.

पुढचे चार तास दवाखान्याच्या व्हरांड्यानं भोगले. सोनी रडून रडून काळीनिळी झाली. मोनालीच्या छातीला पान्हा फुटून ब्लाउज ओला झाला. तिनं दात आवळले आणि पदर घट्ट गुंडाळला. येणारी-जाणारी प्रत्येक बाई जागतिक तज्ज्ञ. "अगं, पाज की! कसली आई म्हणायची!" एक म्हातारी तर सोनीला उचलूनच घ्यायला निघाली.

वच्छलाबाई मध्ये आडवी उभी राहिली. "हात लावायचा न्हाई! सून माझी हाय, नात माझी हाय, उपास बी आमचाच हाय. लईच माया आली आसंल तर घरी जाऊन आपली नातवंडं पाज." मग सोनीला तिनं खांद्यावर टाकलं आणि व्हरांडाभर झुलवत फिरली. डोळ्यांना धार लागली होती. बोंडल्याकडं मात्र बघितलं नाही.

संध्याकाळी यंत्र पुन्हा पोटावर फिरलं. पोट रिकामं होतं आणि पिशवीच्या जागी नुसती सुतासारखी रेघ. लिव्हरच्या तोंडाशी एक जाड पांढरा पट्टा. डॉक्टरबाईंनी तो बोट ठेवून दाखवला. "नळी बंद असल्याची ही खूण आहे. पुढच्या तपासण्या पुण्यात होतील, पण आजच निघा. मी तिकडं फोन करते. अजून वेळ हातात आहे."

आपण खोटं ठरावं म्हणून मोनालीनं दिवसभर मनात नवस बोलले होते. खरं ठरल्याचा एवढा राग तिला कधी आला नव्हता. ती बाकड्यावर बसली, सोनीला पदराखाली घेतलं आणि रडत रडत पाजू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. आबा. मोनालीनं हात पुढं केला, पण वच्छलाबाईनं फोन आधीच उचलला होता. पलीकडचा आवाज व्हरांडाभर ऐकू येत होता.

"काय निघालं का?"

"निघालं. आम्ही पुण्याला चाललोय. आपरेशन हाय."

"पुण्याला? कुणाला इचारून?"

चाळीस वर्षं या प्रश्नापुढं वच्छलाबाईनं मान खाली घातली होती. आता तिनं सोनीच्या गळ्यातली माळ काढली आणि बोंडल्याशेजारी पिशवीत टाकली.

"लेकराच्या पोटाला इचारून," ती म्हणाली. "शेळी वराडत आसंल. धार काढून घ्या."

आणि फोन तिनंच आधी ठेवला.