मायाक्का, आलो गं

बसलिंगप्पा रोज संध्याकाळी माझ्या दारात यायचा आणि चपला काढायच्या आधीच हाक मारायचा, "मायाक्का, आलो गं."

मायाक्का म्हणजे माझी बायको. गावात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षी ती वारली. त्यानंतरही ही हाक रोज येत राहिली. आता बसलिंगप्पाही गेला, आणि माझ्या घरात तिचं नाव घेणारं कोणी उरलं नाही.

मला ते लिहिता येतं, पण तोंडातून निघत नाही. आमच्यात नवऱ्यानं बायकोला नावानं बोलवायची रीत नाही. लग्नापासून मी तिला 'अगं' म्हणत आलो, ती मला 'अवो' म्हणत आली, आणि कधी काही अडलं नाही. मूलबाळ झालं नाही, म्हणून अमक्याची आई असंही कोणी म्हटलं नाही. माझा धंदा घोंगड्यांचा, तेव्हा गल्लीत ती घोंगडीवाली. तिचं नाव राहत होतं ते बसलिंगप्पाच्या तोंडात.

त्याचं कापडाचं दुकान होतं. लिंगायत माणूस. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, विणकरांशी तेलुगू, टांगेवाल्याशी दखनी. सतार चांगली वाजवायचा. दुकान बंद करायच्या आधी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, आणि हमालापासून मास्तरांपर्यंत सगळे ऐकायला बसायचे. अवघड शब्द आला की थांबून समजावून सांगायचा. कोणाला हसायचा नाही. मला अक्षरं त्यानंच शिकवली. लुगडं दाखवताना ते दाराच्या उजेडात धरून म्हणायचा, "हा रंग बघा, हुरड्यावर आलेल्या जोंधळ्याचा."

"अण्णा, लुगडं इकताय का रान इकताय?" माझी बायको विचारायची.

"मायाक्का, तुला रान देतो. पेरणार कोण, हा तुझा बिरप्पा?"

मग दोघं मिळून मला हसायची. त्याच्यासाठी ती एक तांब्या वेगळा ठेवायची आणि संध्याकाळ झाली की राखेनं लख्ख घासायची. त्याच्या जातीतले त्याला बोलायचे, धनगराच्या घरी पाणी पितोस म्हणून. तो म्हणायचा, "पाणी विहिरीचं आहे, तिला विचारा."

ती गेली त्यानंतरची गोष्ट. घरात पाहुणे बसलेले. बसलिंगप्पा आला आणि सवयीनं दारातूनच बोलला, "मायाक्का, आलो गं." सगळे दाराकडं वळले. त्याच्या ध्यानात आलं तसा तो उंबऱ्यावरच उभा राहिला, एक चप्पल पायात, एक बाहेर. तोंड पार उतरलं. माझ्या मेव्हण्याला राग आला. तो काही बोलायच्या आत मी म्हणालो, "तिला ऐकू गेलं आसंल. ये, बस."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि मुकाट्यानं बसला. घर फार मोठं वाटायला लागलं. मी म्हणालो, "हाक मार की रं."

"वेड्यासारखं दिसतं, बिरप्पा."

"दिसू दे."

तेव्हापासून रोज हाक मारायचा. लोक म्हणायचे, दोघं म्हातारे खुळावले. पण त्याची हाक आली की मला वाटायचं ती आत चुलीपाशी आहे, हात पिठात आहेत म्हणून बाहेर येत नाही, एवढंच.

यंदा थंडीत त्याच्या छातीत कफ झाला आणि ताप चढला. आठवडाभरात तो गेला. त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवून ठेवतात. भिंतीला टेकून, मांडी घालून, कपाळाला भस्म आणि डोक्याला रुमाल, असा तो बसला होता. मान जरा डावीकडे, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकत असल्यासारखी. विणकर रडत होते. टांगेवाला दाराशी उभा होता, त्याला आत ये म्हटलं तरी येईना. भजन चाललं होतं, धुपाचा वास भरला होता, आणि मला तिथं डुलकी लागली. खरोखर लागली. वाटलं, आता हा वाचता वाचता थांबेल आणि विचारेल, "कुठं अडलास?" जागा झालो तर लोक त्याला उचलत होते.

पुढं मला दुपारची झोप नीट लागेना. ऊन वाढलेलं. मिलचा भोंगा झाला की डोळा लागायचा आणि एकच स्वप्न पडायचं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी गर्दी आहे. बसलिंगप्पा पुढं चाललाय, छत्री धरून. त्याच्या मागं ती, डोक्यावरचा पदर सावरत. मी मागून ओरडतो, "अगं, ए अगं." गर्दीतल्या सगळ्या बाया वळून बघतात. ती तेवढी बघत नाही. तिला कसं कळणार कोणाला बोलावतोय ते? उठलो की कोऱ्या भिंतीकडं तोंड करून मी तिचं नाव घ्यायला बघायचो. ओठ मिटायचे, 'मा' पर्यंत यायचे आणि तिथंच थांबायचे. मला भीती वाटायला लागली की हे नाव आता नाहीसंच होणार.

एके दिवशी बसलिंगप्पाची सून दाक्षायणी माझ्या दुकानात आली. म्हणाली, "मामा, अत्ते जेवत नाहीत. तुमी जरा येता का?" अत्ते म्हणजे तिची सासू, काशम्मा.

मी संध्याकाळी गेलो. काशम्मा सोप्यात खांबाला टेकून बसली होती.

"वयनी, जेवत का न्हाई?"

"जेवते की. कोण म्हणालं?"

"सून म्हनली."

"तिला काय कळतंय? तिच्या हातचं सार म्हणजे तळ्याचं पाणी."

आतून दाक्षायणी म्हणाली, "अत्ते, मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

मग काशम्मानं खांबाला टेकलेली पाठ सरळ केली.

"बिरप्पा," ती म्हणाली, "ह्या घरात त्यांचं नाव कोण घेत नाही. पोरगा अप्पा म्हणतो, सून मामंजी म्हणते, दुकानातले धनी म्हणतात. मी तर जन्मात घेतलं नाही. तुमी एकटेच गल्लीतून नावानं ओरडत यायचा, अरे-तुरे करून. एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलावतात म्हणून मला लई राग यायचा."

"मंग?"

"आता दिवस मावळला की कान दाराकडं जातो. एकदा ओरडा की."

"तो न्हाई, तर हाक कुणाला मारू?"

"तुमच्या दारात ते कुणाला मारत होते?"

ते तिला ठाऊक आहे हे मला माहीत नव्हतं. मी उठलो, बाहेर गेलो, पायऱ्या उतरून गल्लीत उभा राहिलो. लाज वाटत होती. मिल सुटून माणसं घरी चालली होती.

"ए बसलिंगप्पा! हायस का रं घरात?"

समोरच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं. मला वाटलं, चुकलं आपलं, उगाच तिला रडवलं. मग आतून काशम्माचा आवाज आला, बारीक, पण नेहमीचा.

"दुकानात नसले तर घरातच असणार की. वर या." आणि जरा थांबून, "एकटेच आला? मायाक्काला का नाही आणलं?"

मी पायऱ्या चढून दाराची चौकट धरली. बाईच्या तोंडून ते नाव मी किती काळानं ऐकत होतो. बसलिंगप्पा ते भरकन म्हणायचा, ती शेवटी लांबवून म्हणाली.

"मागनं येतीया," मी म्हणालो. "हळू चालती ती."

"येऊ दे. सावकाश येऊ दे." काशम्मानं डोळे पुसले आणि आत तोंड करून म्हणाली, "दाक्षायणी, भाकरी टाक, मी जेवते. आणि कंदील ओट्यावर आणून ठेव. पायऱ्या दिसायला पाहिजेत."