हिरवा पिरोजा

मित्रांनो, मी जातीचा पिरोजा आहे असं सांगितलं की लोकांना हसू येतं. पिरोजा हा खडा असतो निळा आणि मी दिसतो शेवाळी. पण मी जुना आहे, खोटा नाही.

माझा जन्म एका कोरड्या डोंगरात झाला. तिथे पाऊस क्वचितच पडायचा. पडला की पाणी खडकात झिरपायचं, वाटेत तांबं विरघळवून आणायचं आणि एका फटीत थेंबाथेंबाने मला घडवायचं. माझा निळा रंग त्या तांब्याचा. अंगाने मात्र मी मऊ आणि सच्छिद्र आहे. तेल लागलं की पिऊन टाकतो आणि हिरवा पडत जातो.

एका कारागिराने मला घासून गुळगुळीत केलं, चांदीच्या अंगठीत बसवलं आणि लग्नात बायकोच्या बोटात घातलं. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा, "तेलाचा हात लावू नका बरं का." आणि त्याची बायको त्याच खोलीत, समोरच्या टेबलावर शिलाई मशीन दुरुस्त करायची. दिवसभर हात तेलात.

"अगं, कामापुरती तरी काढून ठेव," तो म्हणायचा.

"काढून ठेवायला दिलीत होय?" ती म्हणायची. गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसायची आणि तो ओशाळायचा. मी मात्र मजेत होतो.

पुढे तिची बोटं सुजायला लागली. साबणाचा फेस करून मला काढलं आणि कापसाच्या डबीत ठेवलं. तिथे मला मुळीच करमलं नाही.

मग त्यांच्या लेकीला दूरच्या गावी चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी लागली. आई म्हणाली, "ती अंगठी हिला द्या."

"अशी? लोक माझ्या तोंडात शेण घालतील," म्हणत बाबांनी मला अंगठीतून सोडवलं आणि पॉलिशचं चाक सुरू केलं. मित्रांनो, माझा हिरवेपणा वरच्या सालीपुरताच होता. चाक माझ्यावरून पुरतं फिरलं असतं तर आईची सगळी वर्षं धूळ होऊन उडाली असती. आईच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. चाक माझ्या काठाला लागलं आणि तिथे निळा ठिपका उमटला.

"बाबा, बंद करा ते," लेक दारातून म्हणाली. "निळे खडे तुमच्याकडे ढीगभर आहेत. आईचा हा एकच आहे."

बाबांनी चाक बंद केलं. मला पुसलं, परत बसवलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता मी लेकीच्या बोटात असतो. हिरवा रंग आईचा, काठावरचा ठिपका बाबांचा. मित्रांनो, माझ्यासारख्या खड्याला साबणात बुडवू नका, मऊ फडक्याने पुसा. पण जपायचं म्हणून डबीत कोंडू नका.

परवा आईने फोनवर विचारलं, "रंगकाम करताना अंगठी काढतेस ना गं?"

लेक म्हणाली, "तू काढायचीस?"

पलीकडे बाबा मोठ्याने हसले.